जननीचं सलग वर्ष

निवडणुकीच्या दिवशी आमची जननी आमच्याबरोबर मतदानाला यायची आणि शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहायची. हातात माझी पाण्याची बाटली, रघुरामची कापडी पिशवी, शेजारच्या अलमेलूची छत्री. आम्ही बोटाला शाई लावून बाहेर आलो की ती एकेकाचं बोट धरून बघायची आणि म्हणायची, "यंदा नीट लावली लाह." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वीस वर्षांहून जास्त झाली, ही बाई कुंभकोणमचं पाणी पिते, इथल्या डासांना रक्त देते, आणि मतदानाला उभी कुठं? तर फाटकाबाहेर, काकडीवाल्याशेजारी!

जननी म्हणजे माझी भावजय, रघुरामची बायको. मी जयलक्ष्मी, तिची मोठी नणंद. माझा नवरा लवकर गेला, सासरी कोणी राहिलं नाही, मूलबाळ नव्हतं, म्हणून मी माहेरी भावाकडे आले. तंजावरच्या राजांबरोबर आमचे पूर्वज इकडं आले असं वडील सांगायचे. राजे गेले, आम्ही राहिलो. बाहेर तमिळ, घरात मराठी. आमची मराठी जुन्या वळणाची. विचारायचं असलं तर आम्ही 'पुसतो', आणि पुण्याहून देवदर्शनाला आलेल्या बाया ते ऐकून तोंडाला पदर लावतात. हसा बापडे. मी दारासुरमच्या विणकर सोसायटीत रेशमी साड्या विकण्यात जन्म घालवला, गिऱ्हाइकाच्या हसण्यानं मला काही होत नाही.

जननी मात्र तंजावरची नव्हे, कुंभकोणमचीही नव्हे. तिचा आजा रबराच्या मळ्यावर कारकून म्हणून मलायात गेला आणि तिकडचाच झाला. ती जन्मली इपो नावाच्या गावात, मलेशियात. पण तिकडेही घरात मराठी सोडली नव्हती, आणि मुलीला नवरा हवा तर आपल्यातलाच, या हट्टानं तिचे आईबाप इथवर आले. रघुरामचं नाचियारकोविलच्या पितळी समयांचं दुकान होतं. समया बघायला म्हणून आले आणि जावई बघून गेले.

ती आली तेव्हा काय काय सोसलं मी! ताज्या दुधाच्या डिग्री कॉफीच्या गावात ही बाई चहात डब्यातलं घट्ट गोड दूध ओतून प्यायची. प्रत्येक वाक्याच्या शेपटाला 'लाह' लावायची. तिकडची माणसं लावतात म्हणे, मलाय असो, चिनी असो, तमिळ असो. तिचं तमिळ ऐकून भाजीवाली पुसायची, "अम्मा, तुम्ही कुठल्या सिनेमातल्या?" आणि मला कोण अवघडल्यासारखं व्हायचं. चटणी वाटायला सांगितली तर त्यात सुकट घातली हिनं, विठोबाच्या नैवेद्याच्या दिवशी! मी तेव्हा दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तीच माझ्यापुढं येऊन बसली आणि म्हणाली, "वन्सं, मला ओरडा, पण गप्प बसू नका. गप्प बसलात की मला इपो आठवतं." अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

मग शिकली हळूहळू. चिंचेच्या कोळानं समया घासायला शिकली, इतकी की दुकानात नव्या समयांपेक्षा तिनं घासलेल्या जुन्या आधी खपायच्या. भजनाला टाळ धरायला शिकली. कोणत्या गाडीवाल्याची विड्याची पानं कोवळी असतात ते माझ्याआधी तिला कळायला लागलं. सगळं शिकली, फक्त एक गोष्ट केली नाही. हिंदुस्थानची झाली नाही.

पासपोर्ट मलेशियाचा. व्हिसा नवऱ्याच्या नावावर. तो संपत आला की वाढवून घ्यायचा, पोलिसांच्या कचेरीत जाऊन मी इथंच आहे असं सांगायचं. "अगं, एकदाचा अर्ज कर आणि मोकळी हो," मी किती वेळा म्हटलं असेन. ती म्हणायची, "कशाला वन्सं? तिकडचा पासपोर्ट परत द्यावा लागेल. आईला वाईट वाटेल." रघुराम म्हणायचा, "करू गं अक्का, पोंगल होऊ दे." पोंगल व्हायचं, मग चैत्र यायचा, मग आषाढातला आडी महिना वाईट, मग दिवाळीचं गिऱ्हाईक. या दोघांना घाई म्हणून कधी ठाऊकच नव्हती. मी एकटीच तणतणायची आणि दोघं कॉफी पीत माझ्याकडे बघायची.

मग रघुरामच्या हृदयानं घाई केली. दुकानात समई उचलताना खाली बसला तो उठेना. इस्पितळातनं परत आला तो अर्धा होऊन. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय थकलंय, जपायचं, आणि पुढचं काही सांगता येत नाही. घरी आल्यावर त्यानं पहिली गोष्ट काय केली असेल? कोपऱ्यावरच्या ब्राउझिंग सेंटरच्या मणीला बोलावून घेतलं. हा मणी आमच्या गल्लीतले सगळे अर्ज भरतो, रेशन कार्डापासून परदेशच्या व्हिसापर्यंत, आणि त्याला ठाऊक नाही असं जगात काही नाही, निदान त्याच्या मते.

मणीनं सोबत आणलेल्या लॅपटॉपमध्ये बघून सांगितलं की लग्नाच्या नात्यावर अर्ज करता येतो. इथं इतकी वर्षं राहिलेली हवी, ती आहेत. शिवाय अर्जाआधीचं एक वर्ष सलग इथं हवं.

"आणि नवरा?" रघुरामनं पुसलं.

"नवरा हिंदुस्थानचा हवा."

"तो आहे. पण हवाच ना? म्हणजे असायला हवा?"

मणीनं लॅपटॉप मिटला. जननी स्वयंपाकघरात होती. रघुराम मला म्हणाला, "अक्का, ही इथं माझ्या नावावर आहे. मी गेलो की हिचं काय? हिला कोणी जा म्हटलं तर? मी आहे तोवर हे होऊ दे."

झालं. वीस वर्षं पोंगल-दिवाळी करत बसलेला माणूस आता रोज सकाळी कॅलेंडरापुढं उभा राहायला लागला. जननी इपोहून आदल्या खेपेला परत आली होती तिथपासून वर्ष मोजायचं, असं मणीनं सांगितलं होतं. बरंच सरलं होतं. थोडं राहिलं होतं. मी म्हटलं, चला, एकदाची पीडा सुटेल.

तेवढ्यात इपोहून फोन आला. सकाळची वेळ, मी फिल्टरमध्ये पाणी ओतत होते. जननीचा धाकटा भाऊ सूर्या. लग्नाला दहा वर्षं होऊन गेलेली, त्याला आणि त्याच्या बायकोला, सौम्याला, मूल नव्हतं. आणि आता मुलगी झाली! जननी फोन घेऊन घरभर नाचली. मलाही आनंद झाला, का होऊ नये? पण आनंदाच्या मागोमाग बारसं आलं.

बारसं म्हटलं की आत्या आली. आमच्यात मुलाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं. ती पाळण्यात वाकून कानाशी कुर्र करते, नाव सांगते, आणि जमलेल्या बाया मागनं तिच्या पाठीत धपाटे घालतात. महाराष्ट्रात करतात तसंच. तीनशे वर्षं झाली, समुद्र ओलांडला, पण हे धपाटे कोणी सोडले नाहीत. आणि सूर्याला बहीण एकच, जननी.

मी लगेच सांगितलं, "फोनवर कर. आजकाल लग्नं होतात फोनवर. त्यांनी पोरीच्या कानाशी फोन धरायचा, तू इथनं कुर्र कर."

जननीची आई पलीकडनं रडायला लागली. ऐंशी वर्षांची बाई. म्हणे, "आणि धपाटे कोणाला घालायचे, फोनला?"

"इथं मी घालते की!" मी ओरडले. "चांगले दोन जास्तच घालते!"

कोणी हसलं नाही. जननी खुर्चीवर बसून राहिली. म्हणाली, "वन्सं बरोबर बोलतात. मी जात नाही. वर्ष भरायचंय." आणि उठून समया घासायला गेली. विषय संपला होता. मी सांगते, संपला होता! मग रघुराम बोलला.

"तू जा," तो म्हणाला. "आठवडाभर तर जायचं. गावाला जाऊन येणं म्हणजे का घर सोडणं आहे? तुझ्या साड्या इथं, तुझा देव इथं, परतीचं तिकीट हातात. मणीला पुसून ये हवं तर."

मणीला पुसलं. मणी म्हणाला, "त्यात काय अम्मा, सगळेच जाऊन येतात."

मी रघुरामवर असा आवाज चढवला की अलमेलू भिंतीपलीकडनं पुसती झाली, काय झालं म्हणून. मी म्हटलं, सलग म्हणजे सलग. दूध नासायला लिंबाचे किती थेंब लागतात? तुझ्या हृदयाचं काय ते मला ठाऊक आहे, आणि तू हिला बारशाला धाडतोस! तो शांतपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, "अक्का, या घरात एकीला तरी आत्या होऊ दे."

रघुराम-जननीला दोनदा मुलाची आशा लागली होती आणि दोनदा गेली. दुसऱ्या खेपेला मी पाळण्यासाठी मऊ जुनी साडी काढून धुऊन ठेवली होती. नावही मनात ठरवलं होतं, कोणाला सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं त्याला हे काही ठाऊक नाही. पुरुषांना कुठं कळतं? आणि हा इतक्या वर्षांनी असा बोलतो! मी तिथनं उठले, न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. बाहेर आले तेव्हाही राग गेला नव्हताच. पण मी तिची बॅग भरायला लागले.

ती गेली. निघताना आमच्यात 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. ती दारात 'येते' म्हणाली, आणि विमानतळावरच्या माणसानं पासपोर्टावर शिक्का मारला की गेली. बारसं झालं. मुलीचं नाव अक्षया ठेवलं. फोनवर मी सगळं बघितलं, जननीच्या पाठीत धपाटे पडताना ती हसत होती ते. परत आली ती गालांवर लाली घेऊन, आणि मणीनं ठरल्या दिवशी अर्ज भरला.

मग तंजावरला जिल्ह्याच्या कचेरीत बोलावणं आलं. तिघं गेलो बसनं. रघुरामला बसचे धक्के सोसत नव्हते, पण तो म्हणाला नवरा दिसायला हवा. आमचे कागद बघायला शिवकामी म्हणून बाई होत्या, चाळिशीच्या, नीटनेटक्या, केसांत चमेली. मला एकदम बऱ्या वाटल्या. त्यांनी पासपोर्टाची पानं उलटली, एका पानावर थांबल्या, मागं गेल्या, पुन्हा पुढं आल्या.

"अम्मा, मध्ये बाहेर गेला होता?"

"आठवडाभर," जननी म्हणाली. "भावाच्या मुलीचं बारसं होतं."

शिवकामी मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांनी समजावून सांगितलं, न चिडता, आणि त्यामुळं मला जास्तच चीड आली. वर्ष सलग हवं. बाहेर गेलं की तुटलं. आता परत आल्या दिवसापासून नवं वर्ष मोजायचं. नाहीतर एक वाट आहे, तसंच काही खास कारण असलं तर वरची कचेरी थोड्या दिवसांची सूट देऊ शकते. "कोणी आजारी होतं का? कोणी वारलं?"

"नाही," जननी म्हणाली. "मी आत्या आहे."

मी पुढं झाले. तमिळमध्ये माझा आवाज आणखी चढतो. मी सांगितलं की आमच्यात आत्याशिवाय नाव ठेवत नाहीत, दहा वर्षांनी झालेली पोर आहे, आणि ही एकुलती एक बहीण. मॅडमनी सगळं ऐकलं. म्हणाल्या, "अम्मा, मीही आत्या आहे. मला कळतं. पण वर जे वाचतील त्यांना कळेल का? दुसरं कोणी नाव ठेवू शकलं नसतं का, असं ते पुसतील."

बाहेर व्हरांड्यात येऊन मी जननीला धरलं. "ऐक. लिही की आई आजारी होती. ऐंशीची आहे, काहीतरी असणारच, गुडघे दुखतच असतील! त्यासाठी गेले, जाताजाता बारसं झालं. काय खोटं आहे त्यात?"

"नाही, वन्सं."

"का नाही?"

"आई धडधाकट आहे. मी कागदावर तिला आजारी पाडू? आणि उद्या खरंच काही झालं तर? माझ्या सहीनं?"

"अगं बाई, तुझ्या सहीनं कोणी आजारी पडत नसतं!"

"तुम्ही लिहाल तुमच्या आईबद्दल?"

मीही लिहिलं नसतं. पण हे मी तिला कशाला सांगू? मी रघुरामकडं वळले, तो बाकावर बसून धाप टाकत होता. "तू तरी सांग हिला!" तो म्हणाला, "खरं आहे ते लिहू दे, अक्का. खरं कारणच खास आहे." कपाळ माझं! हात टेकले मी. दोघं एकाच मुशीतनं काढलेली. तिनं नीट इंग्रजीत लिहिलं की मी मुलीची एकमेव आत्या आहे आणि आमच्या रीतीप्रमाणे माझ्यावाचून तिला नाव मिळालं नसतं. खाली सही. शिवकामी मॅडमनी ते जपून लावून घेतलं. मीसुद्धा एक-दोन दिवस आशा धरली, काय सांगू.

उत्तर यायला वेळ लागला. मधल्या काळात एक पोलीस घरी येऊन गेला, ही इथंच राहते का हे बघायला. त्यानं अलमेलूला पुसलं. अलमेलू म्हणाली, "इथं राहते का म्हणजे? रोज सकाळी तिची नणंद तिच्यावर ओरडते तेव्हा मी उठते." रघुरामनं पोलिसाला ओट्यावर बसवलं, कॉफी पाजली, समयांचे प्रकार समजावले. तो माणूस जाताना म्हणाला, अम्मा नक्कीच इथल्या आहेत. असं तो म्हणाला, मी कानांनी ऐकलं. पण तो वर्दीतला असला तरी त्याच्या म्हणण्यावर कोणी देशातलं होत नसतं.

उत्तर आलं ते नाही म्हणून. कारण खास वाटत नाही. परत आल्या दिवसापासून वर्ष भरलं की पुन्हा अर्ज करावा. मणी ते वाचत होता आणि त्याचं तोंड एवढंसं झालं. "सगळेच जाऊन येतात" हे त्याचेच शब्द, पण त्याला तरी काय बोलायचं? मी आधीच घरातल्या दोघांवर बोलून दमले होते. रघुरामनं कागद घडी करून ठेवला, चष्मा काढला.

"एक वर्ष ना?" म्हणाला. "त्यातलं काही सरलंच आहे. जगतो लाह."

बायकोच्या बोलीत बोलला म्हणून ती हसली. मी नाही हसले. मी म्हटलं, "तुझ्या हातात आहे का ते?" आणि बोलल्यावर जीभ चावली.

पण तो खरंच जगायला लागला. मीठ सोडलं. कॉफी अर्धी केली. संध्याकाळी महामहम तळ्याच्या कडेनं हळूहळू चालायला जायचा, एका बाजूला जननी, एका बाजूला मी, आणि कोणी ओळखीचं भेटून पुसलं, काय राव, कसं आहे, तर म्हणायचा, "वर्ष भरतोय." लोकांना वाटायचं काही नवस आहे. या मेल्याला मरायची भीती नव्हती, तारीख चुकायची होती. मला कधी कधी त्याला गदागदा हलवावंसं वाटायचं, आणि कधी वाटायचं तो चालतोय तोवर आपण बोलूच नये. जननी त्याच्या गोळ्या हातावर ठेवायची आणि तो गिळेपर्यंत समोरनं हलायची नाही.

वर्ष भरायला थोडंच राहिलं होतं. शुक्रवार होता. सकाळी दुकान उघडून, झाडून, त्यानं पहिली समई फडक्यानं पुसली आणि तिच्याशेजारीच बसला. समोरच्या पानवाल्यानं सांगितलं, बसला तो विसावा घेतोय असंच वाटलं. आम्ही पोचलो तेव्हा फडकं हातातच होतं.

त्या दिवसांबद्दल मी जास्त सांगणार नाही. माझा भाऊ होता तो. मी त्याला पाठुंगळी घेऊन शाळेत नेलाय.

सूर्या दिवसांना आला होता, ते उरकल्यावर तो परत निघाला. तो जननीला म्हणाला, "अक्का, चल माझ्याबरोबर. आई वाट बघतेय. अक्षया आता चालते." तो काय वाईट म्हणत होता? मीही म्हटलं, जा. शिवकामी मॅडमना भेटून आलो होतो आम्ही. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की लग्नाच्या नात्यावरचा अर्ज आता होणार नाही. दुसरा एक मार्ग आहे, नवऱ्यावाचून, स्वतःच्या राहण्याच्या बळावर. त्याला वर्षं जास्त लागतात, ती जननीकडं आहेत. आणि शेवटचं वर्ष पुन्हा सलगच हवं. ते होतच आलंय, आहे तो व्हिसा संपायलाही अवकाश आहे, फक्त आता हलू नका.

जननी हलली नाही. सूर्या एकटाच गेला. मग मी पेटले. महिना नाही, आठवडा नाही, रोज. "कशाला बसलीस इथं? रघुराम गेला. ज्याच्यासाठी हे सगळं होतं तो गेला! तिकडं आई आहे, भाऊ आहे, तुझ्या हातानं नाव ठेवलेली पोर आहे. इथं काय आहे? पितळ! आणि मी, म्हातारी, तोंडाळ. जा म्हणते ना!" ती ऐकायची आणि दुकान उघडायला जायची. कधी फार झालं तर म्हणायची, "वन्सं, कॉफी थंड होतेय." मला वाटायचं, रघुरामनं सांगितलं म्हणून ही हट्टानं करतेय. गेलेल्या माणसाची इच्छा. तो गेला आणि ही त्याचा कागद पुरा करत बसलीये. मला तिची दयाही यायची आणि रागही यायचा, आणि रागच आधी तोंडातनं बाहेर पडायचा.

वर्ष भरलं. मणीनं नवा अर्ज भरला. या खेपेला पासपोर्टाचं प्रत्येक पान त्यानं स्वतः उन्हात धरून बघितलं. बोलावणं आलं, आम्ही दोघी बसनं तंजावरला गेलो. तिसऱ्या सीटवर कोणी दुसरंच येऊन बसलं.

शिवकामी मॅडमनी कागद बघितले. सगळं नीट होतं. त्यांनी सह्या घेतल्या, शिक्का मारला. मग पेनाला टोपण लावून त्या म्हणाल्या, "अम्मा, एक पुसते. हे कागदासाठी नाही, माझंच. आई तिकडं, भाऊ तिकडं. इथं नवरा राहिला नाही, मूल नाही. तिकडचा पासपोर्ट आता तुम्हाला सोडावा लागेल, मग आईकडे जायलाही व्हिसा लागेल. कशासाठी करता हे?"

मी म्हटलं, बघ, सरकारी बाईलाही कळतंय. मी जननीकडं बघितलं, आता ही नवऱ्याचं नाव घेणार म्हणून.

जननीनं माझ्याकडं बोट दाखवलं. तिच्या त्या मलेशियाच्या तमिळमध्ये, ज्याला सगळं कुंभकोणम हसतं, ती म्हणाली, "यांना कोणी नाही. यांचं कोणाशी पटत नाही, तुम्ही बघितलंच. उद्या मला कोणी जा म्हटलं आणि मला जावं लागलं, तर यांनी ओरडायचं कोणावर? या पडल्या तर उचलायचं कोणी? मॅडम, यांना सोडून जा असं मला कोणी म्हणू शकणार नाही, एवढं मला करून द्या."

मी तोंड उघडलं, मला कोणाची गरज नाही म्हणायला. आणि मी तिथंच, त्या कचेरीत, रांगेतल्या सगळ्या माणसांसमोर, पदर तोंडाला लावून रडायला लागले, आणि रडतारडता तिला म्हटलं, गाढव आहेस, अगदी गाढव आहेस, हे आधी नाही सांगायचं?

"वन्सं," जननी हळू म्हणाली, "मॅडम बघतायत."

मी म्हटलं, बघू देत.